चांदीचा पाचुंदा

रुद्राणी हालकुडे लातूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची, आणि एकतीस वर्षांची होऊनही तिचं लग्न झालेलं नव्हतं. यातली दुसरी गोष्टच लोकांना जास्त ठाऊक होती. शिरूर अनंतपाळच्या पलीकडे तिचं गाव. तिथं कुणी विचारलं, "मडिवाळप्पाची पोरगी काय करती?" तर उत्तर यायचं, "शिकूनच राहिली अजून." जणू शिकणं हा एखादा जुनाट ताप होता आणि तो उतरायचं नाव घेत नव्हता.

ती पीएच.डी. करत होती. विषय सांगायची पाळी आली की ती समोरच्याचा चेहरा बघून किती सांगायचं ते ठरवायची. रेडिओतल्या ट्रान्झिस्टरसाठी सिलिकॉनची चकती लागते. त्या गुळगुळीत चकतीवर चांदीची वाफ सोडली की चांदीचे अणू एकेक करून खाली पडतात, पृष्ठभागावर इकडेतिकडे भटकतात, एकमेकांना भेटतात आणि त्यांचे छोटे छोटे ढीग तयार होतात. हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून कॉम्प्युटरला अणू कसे वागतात त्याचे नियम सांगायचे, त्याच्या पोटात एक खोटी चकती मांडायची, तिच्यावर खोटे अणू टाकायचे आणि ढीग किती होतात ते मोजायचं. खऱ्या चकतीच्या फोटोतल्या ढिगांशी ते जुळले तर नियम बरोबर. एवढंच तिचं काम. पण एवढ्यातच सात वर्षं गेली होती.

अडचण अशी की जुळत नव्हतं. तिच्याकडे परदेशी प्रयोगशाळेतून आलेले दोन फोटो होते, एक कमी तापवलेल्या चकतीचा आणि एक जास्त तापवलेलीचा. पहिल्या फोटोत ठरावीक चौकोनात चाळीस ढीग होते, दुसऱ्यात सोळा. तिच्या प्रोग्रॅमनं पहिल्यासाठी सव्वाशे ढीग दाखवले. अणूंचा भटकण्याचा वेग वाढवून पहिला फोटो कसाबसा जुळवला की दुसरा बिघडायचा. दुसरा जुळवला की पहिला फिसकटायचा.

तिचे मार्गदर्शक हणमंतराव सर नांदेडच्या कॉलेजात होते. माणूस विद्वान, सरळ आणि तोंडाचा फटकळ. नियम त्यांनीच घालून दिलेला होता, आणि त्यावर त्यांचा स्वतःचा पेपरही छापून आला होता. दोन अणू एकमेकांना चिकटले की ते कायमचे बसले, मग हलायचे नाहीत. ते त्याला 'दोनाची गाठ' म्हणायचे. रुद्राणीला त्या गाठीबद्दल कधी शंका आली नाही. सरांनी बांधलेली गाठ, ती सोडून बघायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. चूक आपल्याच प्रोग्रॅममध्ये असणार असं धरून ती सात वर्षं आपल्याच ओळी तपासत होती.

"हातानं करून बघ," सरांनी एकदा फर्मावलं. "कॉम्प्युटर नुसता आकडा सांगतो. घोळ कुठं होतो ते डोळ्यांनी बघ."

म्हणून तिनं सुताराकडून एक फळी आणली, तिच्यावर चाळीस बाय चाळीस घरं आखली आणि अणू म्हणून ज्वारीचे दाणे घेतले. दाणा कुठल्या घरात पडणार आणि कुठल्या बाजूला सरकणार हे आपल्या मर्जीनं ठरवून चालत नाही, ते नशिबावर सोडावं लागतं. त्यासाठी ती टेलिफोनची डिरेक्टरी घेऊन बसायची. नंबरांचे शेवटचे आकडे ओळीनं वाचत जायचे आणि त्याप्रमाणे दाणा हलवायचा. लातूर जिल्हा होऊन तेव्हा साडेपाच वर्षं झाली होती, पण टेलिफोन फारसे वाढले नव्हते. जिल्ह्याचे नंबर आठवड्यात संपले. मग तिनं नांदेडचे घेतले.

त्या साली दुष्काळ होता. नवीन जिल्ह्याची ऑफिसं भाड्याच्या इमारतींत थाटलेली, पाट्यांचा रंग भिंतींपेक्षा ताजा, आणि प्रत्येक पाटीखाली पाण्यासाठी आलेली माणसं उभी. रुद्राणीच्या दोन खोल्यांच्या घरी आठ दिवसांतून एकदा नळ यायचा. गावाकडची विहीर तर माघातच आटली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. मडिवाळप्पांनी बैल कंधारच्या सोयऱ्याकडे पाठवले, तिथं अजून पाणी होतं. मग एका पिशवीत दोन धोतरं आणि पूजेचं सामान घालून ते लेकीकडे लातूरला आले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, लेक एकुलती एक. दुसरीकडे जाणार तरी कुठं?

अप्पा म्हणजे कष्टाचा माणूस. त्यांना बसून राहायची शिक्षा दिली तर ती सक्तमजुरीपेक्षा भारी. पहाटे उठायचे, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायचे, कपाळाला विभूती लावायचे, आणि त्यानंतर सबंध दिवस समोर पसरलेला असायचा. घरातल्या सगळ्या खुर्च्यांचे खिळे ठोकून झाले. बिजागऱ्यांना तेल घालून झालं. शेवटी ते लेकीच्या फळीपाशी येऊन बसू लागले.

"ही जवारी कामून अशी मांडली?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, आणि एक दाणा जमिनीवर पडला होता तो उचलून कपाळाला लावला.

"अप्पा, ही जवारी न्हाई. ही चांदी हाय."

अप्पांनी फळीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले. दुष्काळात ज्वारीला चांदी म्हणणं त्यांना काही फार चुकीचं वाटलं नसावं.

एप्रिलच्या मध्यावर सरांनी तिला नांदेडला बोलावून घेतलं. तीन आठवड्यांची मांडणी फळीवर होती, दोनशेच्या आसपास दाणे. निघताना ती अप्पांना म्हणाली, "फळीला हात लावू नका. एक दाणासुदिक इकडचा तिकडं झाला तर माझे तीन हप्ते पाण्यात."

"हाव," अप्पा म्हणाले. "म्या कशाला लावतो हात?"

अहमदपूर, लोहा करत बस नांदेडला पोचली. सरांनी तिचे कागद चाळले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सरळ सांगितलं. तिची नोंदणी जूनअखेर संपत होती. प्रबंध लिहायला, टाईप करायला, बांधायला दोन महिने तरी हवेत. या महिन्यात आकडे जुळले नाहीत तर ते सही करणार नाहीत. नोंदणी संपली म्हणजे सात वर्षं संपली, आणि पुन्हा नव्यानं सुरुवात करायला कॉलेज तिला रजा देणार नाही.

"मी खोट्यावर सही करत नाही, रुद्राणी," ते म्हणाले. "तुलाही ते नकोच असेल."

तिला ते नकोच होतं. म्हणून तर जास्त लागलं. त्या रात्री ती मैत्रिणीकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये लोह्यापासून अहमदपुरापर्यंत खिडकीकडे तोंड करून रडली. शेजारच्या बाईनं तिला न विचारता पेरू दिला.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. अप्पा दारातच उभे होते, आणि त्यांचा चेहरा बघूनच तिला काय ते कळलं.

"वावटळ आली व्हती, बाई. खिडकी राहिली उघडी. तुजे दाणे उडाले. म्या सगळे गोळा केले, एकबी हरवू दिला न्हाई. अन् नीट लावून ठिवले."

रुद्राणी आत गेली. फळीवरचा पसारा नाहीसा झाला होता. तिथं नेटके, गच्च ढीग होते, आणि मधली जागा झाडून घेतल्यासारखी मोकळी.

ती जे बोलली ते पुढं तिला आयुष्यभर आठवत राहिलं. "तुमाला काय कळतंय अप्पा यातलं? खुर्च्या ठोका, बिजागऱ्या करा, पण माझ्या कामात कामून हात घालता? सात वर्सं गेली माझी! सात वर्सं!" तिचा आवाज शेजारपर्यंत गेला असणार, कारण शेजारचा रेडिओ मध्येच बंद झाला.

अप्पांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि खाली बसून धोतराच्या घड्या घालायला लागले. मग मान वर न करता, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दोन दोन दाणे हिथं, तीन तिथं. असं कुटं असतंय? पाचुंदा न्हाई झाला तर त्याला कुनी ढीग म्हनत न्हाई. म्हून म्या सुटे दाणे जवळच्या ढिगाला लावले. गलती झाली."

कडब्याच्या पाच पेंढ्या म्हणजे एक पाचुंदा. अप्पांनी पन्नास वर्षं कडबा पाचुंद्यानंच मोजला, पाचुंद्यानंच रचला. त्यांच्या हाताला पाचाखालची मोजणी उरलीच नव्हती. पसरलेलं काही दिसलं की तो हात आपोआप त्याचे पाचुंदे करायला लागायचा.

रुद्राणी फळीपाशी तशीच बसली. उरलेलं सगळं पुसून टाकावं म्हणून तिनं हात उचलला, आणि तिची नजर भिंतीला टाचलेल्या फोटोवर गेली. पहिला फोटो, कमी तापवलेल्या चकतीचा. मग तिनं फळीकडे बघितलं. मग परत फोटोकडे. गच्च ढीग, मध्ये स्वच्छ मोकळी जागा. तिनं ढीग मोजले. फळीच्या क्षेत्रफळाचा हिशेब करून फोटोच्या चौकोनात ते किती येतील ते काढलं. एकोणचाळीस.

तिनं परत मोजलं. मग ती उठली आणि अप्पांच्या हातातलं धोतर काढून घेतलं.

"अप्पा, मला सांगा. तुमी काय काय केलं? पहिल्यापसून."

अप्पांना वाटलं, आता झडती सुरू झाली. "म्या सांगितलं की, बाई."

"तसं न्हाई. दोन दाणे एकमेकाला लागून होते, ते तुमी कामून हलवले?"

"दोन म्हंजे ऱ्हातात व्हय?" अप्पांना आता नवल वाटलं. एवढी शिकलेली पोरगी आणि हे माहीत नाही! "दोन पेंढ्या एकमेकीला टेकवून उभ्या केल्या, अन् वारं सुटलं, तर पडत्यात का न्हाई? तीन असल्या तरी एखादी निसटून जाती. पाच झाल्या की एकमेकीला धरून बसत्यात. मग वाऱ्याचा बाप आला तरी हलत न्हाईत. वावटळीनंबी तुजे सुटे अन् जोडीचेच दाणे उडवले. गच्च बसलेले तसेच व्हते. बग की तू."

वारं. रुद्राणीला हसू आलं आणि रडूही आलं. चकती तापवलेली असते म्हणजे काय, तर प्रत्येक अणूला सतत धक्के बसत असतात. ते तिला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. एकट्या अणूला भटकवायला तिनं ते धक्के वापरलेही होते. पण दोन अणू भेटले की तिच्या प्रोग्रॅममधलं वारं पडायचं, कारण सरांचा नियम तसं सांगत होता. खऱ्या चकतीवर वारं पडत नव्हतं. दोनाची गाठ सुटत होती. सुटलेले अणू पुन्हा भटकून मोठ्या ढिगाला जाऊन लागत होते, म्हणून ढीग थोडे आणि मोठे होत होते.

अर्थात एका फळीवरून सिद्ध काही होत नाही. अप्पांनी पाच ठरवले म्हणून अणूंनी ते ऐकावं असा काही कायदा नाही. तिला पाच हा आकडा प्रोग्रॅममध्ये घालायचाच नव्हता. तिनं फक्त एवढंच लिहिलं, की कुठलाही अणू सुटू शकतो. ज्याला एकच शेजारी तो सहज सुटेल, दोन असले तर जरा अवघड जाईल, तीन असले तर फारच. किती अणूंचा ढीग टिकतो ते कॉम्प्युटरनंच सांगावं.

पण कॉम्प्युटर होता कुठं? सगळ्या नवीन जिल्ह्यात तिला माहीत असलेला एकच, जिल्ह्याच्या ऑफिसात, हार घालून आणि नारळ फोडून बसवलेला. तो उदगीरच्या शिवमूर्ती नावाच्या ऑपरेटरच्या ताब्यात होता. कलेक्टर साहेबांच्या लेखी परवानगीनं तिला रविवारी तो वापरायला मिळायचा. शिवमूर्ती तिला बघताच हात जोडून म्हणाला, "मॅडम, ह्या रविवारी जमणार न्हाई. टँकरची यादी करून राहिलो. सोमवारी सकाळी साहेबाच्या टेबलावर पायजे."

"किती गावं राहिली?"

"दोनशे चाळीस."

"मी टाईप करते तुमच्याबरोबर."

शुक्रवारी आणि शनिवारी कॉलेज सुटल्यावर ती तिथं बसली. शिवमूर्ती गावाचं नाव, माणसं आणि जनावरं वाचायचा, ती टाईप करायची. तिचं स्वतःचंही गाव आलं. लोकसंख्या नऊशे बारा, एक टँकर, दिवसाआड. तिनं ती ओळ दोनदा तपासली. शनिवारी संध्याकाळी यादी छापून झाली आणि रविवारचं यंत्र मोकळं झालं.

रविवारी आठ वाजता ती अप्पांना घेऊनच गेली. कॉम्प्युटरच्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं, बाहेर चप्पल काढावी लागायची. अप्पांनी चप्पल काढली, टोपीही काढली आणि देवळात बसावं तसे भिंतीशी मांडी घालून बसले. प्रोग्रॅम चालू झाला. दोन वाजता लाईट गेली. शिवमूर्तीनं कपाळाला हात लावला, पण रुद्राणी मराठवाड्यातच वाढलेली बाई, तिनं दर अर्ध्या तासाला फ्लॉपीवर सगळं साठवून ठेवायची सोय केलेली होती. पावणेचारला लाईट आली, आणि अणू जिथं थांबले होते तिथून पुढं निघाले. सहाच्या सुमारास प्रिंटर करकरायला लागला.

कागदावर एकेका अणूसाठी एकेक फुली होती. फुल्यांचे गच्च ढीग, मध्ये कोरी जागा. पहिल्या चकतीवर एक्केचाळीस ढीग. फोटोत चाळीस. आणि आकडे न बदलता फक्त तापमान वाढवलं तेव्हा दुसऱ्या चकतीवर सतरा. फोटोत सोळा. सात वर्षांत पहिल्यांदाच एकाच नियमानं दोन्ही फोटो जुळले होते. रुद्राणी कागद हातात धरून उभी राहिली. शिवमूर्तीला अणूंचं काही कळत नव्हतं, पण माणसांचं कळत होतं. तो मुकाट्यानं चहा सांगायला गेला.

आता खरं अवघड काम राहिलं होतं. नियम सरांचा होता, छापलेला होता, आणि तो चुकला असं सरांनाच जाऊन सांगायचं होतं. नांदेडला हणमंतराव सरांनी कागद बघितले. पंखा फिरत होता, ते बराच वेळ फुल्या मोजत होते. पेन्सिलीनं त्यांनी दोन ठिकाणी तिचं गणित पडताळलं.

"माझा नियम मोडलास," ते म्हणाले.

"होय सर."

"कुठल्या पेपरात सापडलं?"

इथं एखादं परदेशी नाव घेतलं असतं तर भागलं असतं. रुद्राणी म्हणाली, "पेपरात नाही सर. माझ्या वडिलांनी फळी आवरली. शेतकरी आहेत. ते म्हणाले, दोन पेंढ्या वाऱ्यात राहत नाहीत."

सरांनी तिच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की तिला वाटलं, आता आपण बाहेर. मग त्यांनी मोठ्यानं हसायला सुरुवात केली, इतकं, की शिपाई डोकावून गेला. "माझे वडील कंधारला कडबाच विकायचे," ते म्हणाले. "आणि मी दोनाची गाठ घालून बसलो! लिही. उद्यापासून लिही. मी सही करतो."

तिनं लिहिलं. जूनच्या अठ्ठावीस तारखेला प्रबंध विद्यापीठात पोचला, मुदतीच्या दोन दिवस आधी.

जानेवारीत तोंडी परीक्षा झाली. ती सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून अप्पा नवीन टोपी घालून शेवटच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "दोन अणूंचा ढीग टिकत नाही, याचं कारण साध्या शब्दांत सांगता येईल?"

रुद्राणीनं खडू खाली ठेवला. "दोन पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या आणि वारं सुटलं, तर त्या पडतात. तापलेल्या चकतीवर वारं कधी थांबतच नाही."

"बरोब्बर हाय!" मागून आवाज आला.

सगळी खोली हसली, परीक्षकही हसले. रुद्राणी हसली नाही. तिनं मागच्या रांगेकडे हात केला आणि म्हणाली, "हे माझे वडील. हे मला त्यांनी सांगितलं. तेव्हा मी त्यांना म्हणाले होते की तुम्हाला यातलं काय कळतंय. ते मी इथं, सगळ्यांसमोर मागं घेते." अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिचे काठ बोटांनी सारखे करत बसले.

बाहेर आल्यावर बाप-लेक झाडाखाली भाकरी खायला बसले. दुष्काळानंतरचा पाऊस बरा झाला होता. विहिरीला पाणी आलं होतं, बैल कंधारहून परत आले होते. आता ज्वारी काढायला आली की कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या होत्या, आणि अप्पांना गावाकडची ओढ लागली होती. पण एक गोष्ट त्यांच्या मनात घोळत होती.

"डॉक्टरीनबाई," ते म्हणाले, "शेवटी आकडा किती निगाला? पाचच ना?"

रुद्राणी जरा कचरली. "न्हाई अप्पा. कमी तापवलेल्या चकतीवर चार निगाले. अन् जास्त तापवलेल्यावर सहा."

अप्पांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून विचार केला.

"चार म्हंजे दुष्काळातला पाचुंदा," ते म्हणाले. "कडबा कमी असला की लोक चारच बांधत्यात अन् पाच सांगत्यात."

"अन् सहा?"

"सहा म्हंजे लेकीच्या घरी धाडायचा." अप्पांनी तो तुकडा आमटीत बुडवून तिच्या ताटात ठेवला. "त्यात एक पेंढी वरची घालावी लागती."